लेंड्या मोजा, ताई

पत्र असं आहे:

"डॉक्टरसाहेब, मागच्या रविवारी बाजारातून मुलीसाठी दोन ससे आणले. मुलगी चौथीत आहे, दोन वर्षं मागे लागली होती. जोडीचे आठशे रुपये दिले. टोपलीत पंधरा-वीस पिल्लं होती, त्यातली तिनंच निवडली. पांढरीशुभ्र, ओंजळीत मावतील एवढी. पहिले दोन दिवस छान उड्या मारत होती. दूध-बिस्कीट, कोबीचा पाला, गाजर, दिलं ते खाल्लं. बुधवारी एकाला हगवण लागली, शेपटाखालचं सगळं भरलं, आणि गुरुवारी सकाळी बघते तर ते गार पडलेलं. मुलीनं शाळेला दांडी मारली, जेवली नाही. आता दुसरं कोपऱ्यात अंग फुगवून बसलंय. काल रात्रीपासून तोंडाला काही लावलं नाही. कान सारखा झाडतंय, आत भुरकट खपल्या दिसतात. शेजारच्या वहिनी म्हणतात, मुलाच्या तापाला आणलेलं अँटिबायोटिक सिरप फ्रीजमध्ये आहे, त्यातले दोन थेंब पाजा. सासूबाई म्हणतात, घरात मुकं जनावर मेलं, लक्षण बरं नाही, दुसरं परत देऊन या. मिस्टर उद्यमबागेत फाउंड्रीत आहेत, सेकंड शिफ्ट. मी एकटीच. काय करू? आमचंच काही चुकलं का? – एक आई, हिंडलगा (बेळगाव)"

ताई,

तुमचं पत्र पोस्टानं न येता मोबाइलवर आलं हे बरं झालं. हे सदर छापून हातात पडेपर्यंत आठ-दहा दिवस सहज जातात, आणि खाणं सोडलेला ससा तेवढे दिवस कुणासाठी थांबत नाही. म्हणून शुक्रवारी सकाळीच तुम्हाला फोन केला. तेव्हा घाईत जे सांगितलं ते आता जरा बैजवार लिहितो. मृग लागला, बाजारात हिरवंगार दिसायला लागलं की सशांच्या टोपल्या येतात, आणि त्यांच्या पाठोपाठ मला अशी पत्रंही येतात.

आधी ते सिरप. ते फ्रीजमध्येच राहू दे. (उरलेलं अँटिबायोटिक पुढच्या तापाला मुलालासुद्धा पाजायचं नसतं, पण तो वेगळा विषय.) लहान मुलांना मिळणारी ही गोड पातळ औषधं बरीचशी अमॉक्सिसिलीनची असतात. आपल्या पोरांना ती मानवतात, सशाच्या तोंडावाटे गेली तर त्याच्या जिवावर बेततात. अमॉक्सिसिलीन, अँपिसिलीन, लिंकोमायसिन, क्लिंडामायसिन ही नावं एका कागदावर लिहून सशाच्या पिंजऱ्यावर चिकटवून ठेवा म्हटलं तरी चालेल.

हे मी पुस्तकातलं ज्ञान म्हणून सांगत नाही. १९८९ साली मी नोकरीत नवा होतो, खानापूर तालुक्यातल्या जनावरांच्या एका दवाखान्यात. कॉलेजात आम्ही गाय, म्हैस, बैल, शेळी शिकलो, कुत्रं थोडं शिकलो, ससा परीक्षेपुरता. एका मास्तरांची मुलगी ससा घेऊन आली, जबड्याखाली गाठ. मी गाठ फोडली, धुतली आणि अँपिसिलीनची कॅप्सूल उघडून, कुत्र्याच्या डोसाचा भागाकार करून पुड्या बांधून दिल्या. पाण्यातून पाजा म्हटलं. गाठ सुकली. चौथ्या दिवशी सशाला हगवण लागली, सहाव्या दिवशी तो मेला. मी मास्तरांना गाठीतलं विष अंगात भिनलं असं सांगितलं, आणि माझी तशी समजूतही होती. खरं कारण कळायला मला पुढे कितीतरी वर्षं लागली.

कारण असं. सशाच्या पोटात एक आंधळं आतडं असतं, जठराच्या कितीतरी पट मोठं. गवत तिथं आंबतं. आंबवणारे जंतू म्हणजे त्याचं विरजण. हे विरजण ठीक आहे तोवर ससा नुसत्या गवतावर टुणटुणीत राहतो. तोंडावाटे अमॉक्सिसिलीन दिलं की विरजणच मरतं, त्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, त्यांचं विष रक्तात जातं. सशांना चालणारी अँटिबायोटिकं आहेत, डॉक्टर ती देतातही. पण ती कुठली हे शेजारच्या वहिनींनी ठरवायचं काम नाही, आणि मेडिकलवाल्यानंही नाही.

आता दुसरी गोष्ट, जी मी फोनवर विचारली तेव्हा तुम्ही क्षणभर गप्पच झालात. मी विचारलं, "रात्रीतून लेंड्या किती पडल्या?" तुम्ही म्हणालात, "बघितलं नाही हो." मग बॅटरी घेऊन, खालचा पेपर उचलून तुम्ही मोजल्या. अकरा. मोहरीपेक्षा जरा मोठ्या, कोरड्या खडखडीत, दोन-दोन केसात ओवल्यासारख्या. त्या अकरा लेंड्यांनी मला जे सांगितलं ते तुमच्या सगळ्या पत्रानं सांगितलं नव्हतं.

ससा हे शिकार होणारं जनावर. लांडगा, कोल्हा, घार सगळे त्याच्या जिवावर टपलेले. आजारी दिसला तो आधी उचलला गेला, म्हणून दुखणं लपवायचं हे त्याच्या रक्तातच आहे. कुत्रं कण्हतं, म्हैस हंबरते, ससा नुसता गप्प बसतो. आपण म्हणतो, "किती शांत आहे बाई!" तो शांत नसतो, त्याला दुखत असतं. त्याला उलटीही होत नाही, शरीराची रचनाच तशी. तेव्हा पोटात काय चाललंय हे बाहेर सांगणारी एकच गोष्ट उरते, लेंडी. मोठा ससा दिवसाला २०० ते ३०० लेंड्या टाकतो, वाटाण्याएवढ्या, एकसारख्या, गवताच्या काड्या दिसतील अशा. पिल्लाच्या लहान असतात, पण असतात भरपूर. त्या बारीक व्हायला लागल्या, कमी झाल्या की आतडं मंदावलंय. खाणं बंद आणि लेंडी बंद अशी अवस्था बारा तास टिकली तर ती तातडीची वेळ समजायची. पिल्लाच्या बाबतीत मी बारा तासही म्हणणार नाही. संध्याकाळी लक्षात आलं तर सकाळची वाट बघू नका.

म्हणून मी तुमच्या मुलीला काम दिलं. जुनी पाटी घ्यायची, रोज सकाळी पेपर बदलताना लेंड्या मोजायच्या आणि आकडा लिहायचा. तुम्हाला ते किळसवाणं वाटलं असेल. पण पोरगी दोन दिवस रडत बसली होती, तिच्या हाताला काम हवं होतं. आणि पुढे तुम्ही पिल्लू ज्यांना दाखवलंत त्या डॉक्टरांना तिची पाटी माझ्यापेक्षा जास्त उपयोगी पडली.

इथं एक घोळ होतो, तो आधीच सांगून ठेवतो. कधीकधी पहाटे पिंजऱ्यात काळपट, चकचकीत, मऊ गोळ्यांचा गुच्छ सापडतो, छोट्या द्राक्षाच्या घडासारखा. त्याला वासही येतो. ती हगवण नसते. ससा ते स्वतःच्या तोंडानं उचलून खातो, दुसऱ्यांदा पचवायला. गाय रवंथ करते तसंच हे समजा. ते बघून 'शी, घाण खातंय' म्हणून ओढून घेऊ नका. खरी हगवण म्हणजे पाणी, शेपटीखाली आणि मागच्या पायांवर चिकटलेलं. महिना-दीड महिन्याच्या पिल्लाला ती लागली तर एका दिवसात संपतं सगळं, तुम्ही बघितलंच.

तुमचं पहिलं पिल्लू कशानं गेलं हे चिरून बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येत नाही. पण या वयात, या मोसमात, बाजारातल्या टोपलीतून आलेल्या पिल्लाला पाण्यासारखी हगवण लागते तेव्हा माझा पहिला संशय कॉक्सिडियावर. हा आतड्यातला एकपेशीय परजीवी. त्याची अंडी लेंडीतून बाहेर पडतात, ओलसर उबेत दोन-तीन दिवसांत पिकतात, आणि मग ती पोटात गेली की रोग. बाजारवाल्याची टोपली डोळ्यांपुढे आणा: पंधरा-वीस पिल्लं एकावर एक, खाली ओलं गवत, तेच खायचं, त्यावरच हगायचं, वर पाऊस. त्यातून ही पिल्लं आईचं दूध तुटून चार दिवससुद्धा न झालेली. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडू नये. पण मूठभर दिसलं की गिऱ्हाईक भुलतं, म्हणून महिन्याचंच आणून विकतात. त्या वयात जठरातलं आम्ल पुरतं तयार झालेलं नसतं. दुधाबरोबर मिळणारं संरक्षण गेलेलं, स्वतःचं अजून आलेलं नाही. अशा पोटात दूध-बिस्कीट आणि ओला कोबी गेला.

तुम्ही विचारलंत, आमचं चुकलं का. रोग पोटात शिरल्यापासून हगवण लागेपर्यंत साधारण चार-पाच दिवस तरी जातात. पिल्लू रविवारी आलं, बुधवारी हगवण. म्हणजे रोग टोपलीतूनच आला असावा. बिस्किटानं भर घातली असेल, हे मी नाकारत नाही, पण सुरुवात तुमच्या घरात झालेली दिसत नाही. मुलीला हेच सांगा, याच हिशेबानं. चौथीतली पोरगी आहे, रविवार ते बुधवार तिला मोजता येतं. "देवाघरी गेला" यानं तिचं समाधान होणार नाही, कारण तिच्या डोक्यात तिनं भरवलेलं बिस्कीटच फिरत असणार.

फोननंतर तुम्ही काय काय केलंत ते इतरांसाठी लिहितो. पिल्लाचे कान हाताला गार लागत होते, म्हणजे अंगातली ऊब उतरलेली. सशाचं तापमान मोजलं तर १०१ ते १०४ फॅरनहाइट असायला हवं, आपल्यापेक्षा जास्त, म्हणून निरोगी ससा हाताला कढतच लागतो. बाटलीत कोमट पाणी भरून, टॉवेलात गुंडाळून पिल्लाच्या शेजारी ठेवलंत. अंगाला चिकटवून नाही, त्याला नको झालं तर सरकता यावं अशी. पोटाला हात लावून बघितलंत, मऊ होतं. हे महत्त्वाचं. पोट ढोलकीसारखं ताठ फुगलं असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट डॉक्टर. दातावर दात घासल्याचा करकर आवाज येत असेल तर ती कळ आहे, तेव्हाही तेच.

पोट मऊ होतं म्हणून भरवलंत. सशाचं दुकानात मिळणारं गोळी-खाद्य कोमट पाण्यात भिजवून, कुस्करून, गाळून, पातळ पेजेसारखं. सुई काढलेली सिरिंज. पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये सशाला रिकामी जागा असते, तिथून बाजूनं टोक घालायचं आणि थेंब-थेंब सोडायचं. पिल्लानं चावून गिळलं की पुढचा थेंब. समोरून सरळ घशात पिचकारी मारली की छातीत जातं, आणि मग न्यूमोनिया. अर्ध्या किलोच्या पिल्लाला एका वेळी पाच-सहा मिलि पुरे, दर तीन-चार तासांनी. भरवताना उताणं धरायचं नाही, कानाला धरून उचलायचं तर मुळीच नाही. टॉवेलात गुंडाळा, मागचे पाय हातानं आधाराला धरा. घाबरून त्यानं मागच्या पायांची लाथ झाडली की स्वतःचाच पाठीचा कणा मोडून घेतो. असे ससे मी बघितलेत, त्यांना काही उपाय नसतो.

आणि न्हाऊ घालू नका. शेपटीखाली भरलंय म्हणून बादलीत बुडवून धुतात लोक, आणि ससा धक्क्यानंच जातो. भिजलं फडकं घेऊन तेवढीच जागा पुसा, लगेच कोरडी करा. पावसाळ्यात तिथं घाण राहिली तर माश्या अंडी घालतात, दिवसभरात अळ्या पडतात. रोज एकदा शेपटी उचलून बघायची सवय करून घ्या.

कानाचं. भुरकट, थरावर थर, भिजलेल्या चिवड्यासारख्या खपल्या कानात साचतात ती कानातल्या गोचिडीच्या जातीच्या बारीक किड्यांची करामत. डोळ्यांना नीट दिसत नाहीत. सगळ्यांचा हात तिथंच जातो, खपल्या काढायला. काढू नका, खाली कातडं सोललेलं असतं, भयंकर दुखतं. औषध लागू पडलं की आठ-पंधरा दिवसांत आपोआप गळून पडतात. औषध आहे आयव्हरमेक्टिन, कातड्याखाली इंजेक्शन, दहा-चौदा दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा. आता आपल्याकडं गोठा असलेल्या घरात ही बाटली कपाटात असतेच, आणि एखादा तात्या म्हणतो, "आण इकडं, टोचतो." त्या तात्यांना एवढा हिशेब दाखवा: गाईच्या त्या बाटलीतला १ मिलि ५० किलो वजनाला असतो. तुमचं पिल्लू अर्धा किलो. म्हणजे मिलिचा शंभरावा भाग. कुठल्या सिरिंजवर मोजणार? डॉक्टर ते पातळ करून देतात. कुत्र्याच्या मानेवर सोडायचे पिसवांचे थेंब मिळतात, त्यात फिप्रोनिल असेल तर सशाच्या आसपासही आणू नका.

हे कानातले किडे माणसाला त्रास देत नाहीत. पण नाकावर, पंजांवर पांढरट खरखरीत खरूज दिसली तर ती वेगळी, तिची खाज मुलांच्या हाताला लागते. गोल-गोल केस गेले तर गजकर्ण, तेही लागतं. कॉक्सिडिया मात्र सशाचा सशालाच. तेवढी काळजी मनातून काढून टाका.

डॉक्टरकडं जाण्याबद्दल दोन शब्द, आणि ते आपल्या भागापुरते. बेळगावात आता कुत्र्या-मांजरांचे खासगी डॉक्टर आहेत, निपाणीकडची माणसं कोल्हापूर जवळ म्हणून तिकडं जातात. जाण्याआधी फोन करून एकच विचारायचं, "तुम्ही ससे बघता का?" नाही म्हणाले तर वाईट वाटून घेऊ नका. नाही म्हणणारा डॉक्टर प्रामाणिक असतो, मी १९८९ साली नाही म्हणायला हवं होतं. खेड्यात सरकारी जनावरांचा दवाखाना हाच आधार. कुठला उघडा आहे कळेना तर १९६२ या पशुसेवेच्या नंबरवर विचारायला हरकत नाही. तिथं डॉक्टर कानडी असले आणि तुम्हाला कानडी येत नसलं तर बिचकू नका. सशाला कानडीत 'मोला' म्हणतात. "मोला एनू तिन्नता इल्ला", म्हणजे ससा काहीच खात नाही. "हिक्के हाकता इल्ला", लेंडी टाकत नाही. एवढं बोललात की पुढचं डॉक्टर विचारतात. माझी निम्मी नोकरी चिकोडी-रायबागकडं गेली. तिथल्या अक्का माझ्याशी कानडीत बोलत, बैलाशी मराठीत, आणि दोघांनाही समजत होतं.

जाताना काय न्यायचं? ससा टोपलीत, खाली जुना टॉवेल, वरून फडकं टाकून अंधार केलेला. उघड्यावर, मांडीत, स्कूटरवर नेऊ नका. दोन ससे असतील तर दोघांनाही न्या, एकटा राहिला की घाबरतो. आणि डबीत ताज्या लेंड्या. तुमच्या डॉक्टरांनी त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या, कॉक्सिडियाची अंडी सापडली, म्हणून औषध नेमकं देता आलं. कातड्याखाली कोमट सलाइन, कळ थांबवायचं इंजेक्शन आणि पाच दिवस सल्फा गटातलं औषध. शनिवारी पाटीवर २३ होते, रविवारी ३८, सोमवारी ६४. मुलीनं ६४ च्या खाली दोनदा रेघ मारलेला फोटो तुम्ही पाठवलात, तो मी आमच्या घरी सगळ्यांना दाखवला.

औषधाइतकंच काम झाडूचं आहे. ती अंडी पिकायला दोन-तीन दिवस लागतात म्हटलं ना, मग रोजच्या रोज लेंड्या काढून टाकल्या तर पिकणार कशी? रोज पेपर बदला, आठवड्यातून दोनदा पिंजरा रिकामा करून उकळतं पाणी ओता, ऊन असेल तर उन्हात टाका. फिनेलचा या अंड्यांवर परिणाम होत नाही, सशाच्या नाकाला मात्र होतो. पिंजऱ्याचा तळ नुसत्या जाळीचा असेल तर वर फळी टाका, फळीवर भाताचा कोरडा पेंढा. जाळीवर बसून सशाच्या तळपायाला जखमा होतात. मांजरासारखी गादी त्याच्या पायाला नसते, नुसते केस असतात.

खाण्याचं. गाजर खाणारा ससा हा चित्रातला ससा. खरा ससा गवत खातो. दिवसभरातल्या खाण्यात दहातले आठ भाग वाळलं गवत हवं, कारण त्याचे दात जन्मभर वाढत असतात, पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन मिलिमीटर. चघळून चघळून झिजले नाहीत तर गालात घुसतात. परदेशी गवताची पाकिटं दुकानात मिळतात, महाग असतात. आपल्याकडं करड मिळतं, हरळी तर कुठंही. हरळी म्हणजे आपल्या दूर्वाच. स्वच्छ जागेची, औषध न मारलेली हरळी कापून, दोन दिवस सावलीत वाळवून द्या. पावसात भिजलेली हिरवीगार थेट देऊ नका, पोट फुगतं. लसूणघास वाढत्या पिल्लाला चालतो, सहा-सात महिन्यांनंतर कमी करा, त्यात चुना, म्हणजे कॅल्शियम, जास्त. कोथिंबीर, पुदिना, मुळ्याचा पाला चिमूट-चिमूट, एका वेळी एकच नवीन. भाजी मार्केटमध्ये कोबीची वरची पानं फुकट मिळतात म्हणून पिशवी भरून आणू नका. त्या पानांनी पोटात वारा धरतो, आणि फवारणीचं औषध सगळं वरच्या पानांवरच बसलेलं असतं. दूध, बिस्कीट, ब्रेड, भात, चपाती बंद. बेळगावचा गोड कुंदा तर विचारूच नका. एका गृहस्थांनी मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं की आमचा ससा कुंदा खातो. पुढचं मी विचारलं नाही.

पाणी वाटीत ठेवा, जड वाटी, उलटणार नाही अशी. नवीन ससा घरी आला की पहिले आठ दिवस तो बाजारात जे खात होता तेच निम्मं द्यायचं आणि हळूहळू आपलं वाढवायचं, एकदम बदल नाही. हे पुढच्या वेळी.

पुढची वेळ लगेच नको. एकटं पडलंय म्हणून मुलगी जोडीदार मागेल. सशाला सोबत लागते हे खरं आहे. पण याचं औषध संपून, लेंड्या पुन्हा तपासून, महिनाभर नीट जाऊ द्या. नवीन येईल तोही पंधरा दिवस-महिना वेगळ्या खोलीत. आणि टोपलीतून नको. कुणाच्या घरी वाढलेलं, दोन महिन्यांच्या पुढचं बघा. नर-मादी डॉक्टरांकडून बघून घ्या, नाहीतर चार-पाच महिन्यांत पिंजऱ्यात सहा पिल्लं दिसतील आणि तीसेक दिवसांनी आणखी सहा.

खानापूरकडून एका वाचकानं विचारलंय, ऊस तोडताना शेतात सशाचं पिल्लू सापडलं, पाळू का? नाही. तो भुरकट रानससा वेगळा, या पांढऱ्या सशाचा तो भाऊ नाही. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं त्याला धरणं, पाळणं गुन्हा आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी तो घरात जगत नाही. त्याची आई मुद्दाम दिवसभर लांब राहते, अंधारात येऊन पाजते. पिल्लू पोरकं नसतं. जिथं सापडलं तिथंच बांधाच्या कडेला गवतात ठेवा आणि तिथून निघा.

आता सासूबाई. त्यांना माझा नमस्कार सांगा. परत देऊन या म्हणतात त्यात त्यांना तुमची आणि नातीची काळजी आहे, भांडू नका. फक्त एवढं सांगा की परत दिलेलं पिल्लू त्याच टोपलीत जाईल, आणि पुढच्या रविवारी दुसऱ्या कुणाच्या तरी नातीच्या हातात. सोमवारी त्यांनीच म्हणे गच्चीवरची हरळी वाळत घातली. मग मला वाटतं तो प्रश्न माझ्यापर्यंत यायचं कारण उरलेलं नाही.

मेलेलं पिल्लू शेवग्याखाली पुरलंत म्हणालात. दोन-अडीच फूट खोल असेल आणि विहिरीपासून लांब असेल तर ठीक. नसेल तर वर माती घालून मोठा दगड ठेवा, पावसात कुत्री उकरतात.

वजनाचं विसरू नका. दर रविवारी सकाळी, खायला देण्याआधी, काट्यावर परात ठेवून, परातीत फडकं टाकून, पिल्लू बसवून. परातीचं वजन वजा करायला मुलीला सांगा. मागच्या रविवारी ४१० ग्रॅम होतं. या रविवारचा आकडा मला कळवा.